कम्प्युटर सायन्स, गेम डिझाइन की बिझनेस: पदवीचं नाव सोडून नेमकं काय बघायचं?

शुक्रतारा

नमस्कार. भाचीच्या ॲडमिशनच्या निमित्ताने सध्या तीन प्रकारचे पदवी अभ्यासक्रम बघते आहे: कम्प्युटर सायन्स, गेम डिझाइन आणि बिझनेस. तिला गेम बनवायला मनापासून आवडतं, स्वतःच शिकून काही छोटे गेम केलेतही. गणित चांगलं आहे, चित्रकला बेताची. तिच्या बाबांचं म्हणणं, बिझनेस कर, कुठेही उपयोगी पडेल. शिक्षक सांगतात कम्प्युटर सायन्स. तिला स्वतःला गेम डिझाइन हवंय. तिघांचंही ऐकलं की पटतं, म्हणूनच निर्णय होत नाहीये.

माहितीपत्रकांची काही मदत झाली नाही. सगळीकडे हसरे चेहरे आणि तेच ते शब्द. शेवटी ती बाजूला ठेवली आणि प्रत्येक ठिकाणचा सेमिस्टरवार विषयांचा तक्ता काढून बसले. सक्तीचं काय, ऐच्छिक काय, कुठला विषय झाल्याशिवाय पुढचा घेता येत नाही. तेव्हा कुठे फरक दिसायला लागला.

एक तर पदवीच्या नावावर अजिबात जाऊ नये. अमेरिकेतली डिजिपेन ही संस्था गेमसाठीच ओळखली जाते, पण तिथल्या एका नावाजलेल्या पदवीत ‘गेम’ हा शब्दच नाही. तिचं नाव आहे कम्प्युटर सायन्स इन रिअल-टाइम इंटरॅक्टिव्ह सिम्युलेशन. आत बघावं तर गणित, भौतिकशास्त्र, प्रोग्रॅमिंग आणि टीमने मिळून करायचे गेम. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात (यूएससी) तर गेमच्या दोन वाटा दोन वेगळ्या विभागांत आहेत. इंजिनिअरिंगकडे ‘कम्प्युटर सायन्स, गेम्स’ अशी पदवी आहे आणि सिनेमाच्या विभागाकडे दुसरी. विद्यापीठ एकच, आवड एकच, पण चार वर्षांनी मुलांच्या हाती येणारं कौशल्य पूर्ण वेगळं.

दुसरं, ‘गेम’ असं नाव असलेल्या काही अभ्यासक्रमांत सक्तीचं गणित जवळपास नाहीच, आणि काहींमध्ये कॅल्क्युलस, रेषीय बीजगणित, डिस्क्रीट गणित सगळं पहिल्या दोन वर्षांत आहे. बिझनेसचे तक्ते मात्र इतके सारखे निघाले की एकावरचं नाव झाकलं तर ओळखू येऊ नये.

माझे प्रश्न असे. या तिन्हींपैकी कुठल्या गोष्टी कॉलेजात राहून गेल्या तर नंतर भरून काढणं सर्वात अवघड जातं? प्रोजेक्ट करवून घेतात असं सगळेच म्हणतात, ते खरंच चांगले आहेत का हे बाहेरून कसं ओळखायचं? आणि अठराव्या वर्षी एक निवडलं की बाकीचे दरवाजे कितपत बंद होतात? या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी आणि शिकणाऱ्यांनी सविस्तर लिहिलंत तर फार मदत होईल.

कोडेकर

शुक्रतारा, तक्ते काढून बसलात हे उत्तम केलंत. मी गेम इंजिनवर, म्हणजे गेम ज्यावर बांधतात त्या सॉफ्टवेअरवर, काम करतो, तेव्हा मी कुठल्या बाजूने बोलणार हे उघड आहे. तरी तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला अगदी स्पष्ट दिसतं: गणित आणि कम्प्युटरच्या आत काय चालतं याची समज. बाकी बरंच नोकरीत शिकता येतं. हे दोन विषय दिवसभर काम करून रात्री शिकणारी माणसं मी पाहिली आहेत, फार कष्ट पडतात.

कारण सांगतो. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर एका चित्रासाठी १६.६७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात खेळाडूने दाबलेलं बटण वाचायचं, शत्रूंनी काय करायचं ते ठरवायचं, कोण कुणावर आपटलं ते तपासायचं, आवाज वाजवायचा आणि सगळं दृश्य काढायचं. एक काम रेंगाळलं की गेम अडखळतो आणि खेळणाऱ्याला ते लगेच जाणवतं. हा हिशोब सांभाळायचा तर मेमरी कशी वापरली जाते, प्रोसेसरचा कॅशे (त्याच्या जवळची वेगवान मेमरी) काय करतो, कुठली डेटा स्ट्रक्चर (माहिती रचून ठेवायची पद्धत) कधी महाग पडते हे माहीत असावं लागतं. कॅमेरा फिरवायचा तर मॅट्रिक्स आणि क्वाटर्निअन हे गणित लागतं. कम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षातले कोरडे वाटणारे विषय ते हेच.

आणखी एक मुद्दा आहे तो टिकाऊपणाचा. एके काळी कितीतरी ठिकाणी ब्राउझरमध्ये गेम चालवणाऱ्या फ्लॅश या सॉफ्टवेअरवर गेम शिकवायचे. अडोबीने २०२० च्या ३१ डिसेंबरला फ्लॅशचा पाठिंबा बंद केला. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी या गेम इंजिनच्या कंपनीने गेमच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे फी लावायची घोषणा केली आणि कित्येक स्टुडिओंनी इंजिन बदलायचा विचार सुरू केला. वर्षभराने त्यांनी ती फी रद्द केली, पण दरम्यान ज्यांची सगळी विद्या एका इंजिनच्या मेनूंपुरती होती त्यांची झोप उडाली. ज्यांना मुळातलं येत होतं ते गोडो किंवा अनरिअल या दुसऱ्या इंजिनांकडे वळू शकले. म्हणून तक्त्यात विषयांची नावं बघा. ‘युनिटी १, युनिटी २, युनिटी ३’ अशी रांग असेल तर जपून. ‘कम्प्युटर ग्राफिक्स’, ‘भौतिक सिम्युलेशन’, ‘नेटवर्क’ अशी नावं असतील आणि युनिटी फक्त लॅबमध्ये येत असेल तर ते चांगलं लक्षण.

कम्प्युटिंगमध्येही पोटभेद आहेत, तेवढे बघून घ्या. एसीएम आणि आयट्रिपलई या कम्प्युटर क्षेत्रातल्या संघटनांच्या २००५ च्या अहवालात पाच वेगळ्या शाखा मांडल्या होत्या: कम्प्युटर इंजिनिअरिंग, कम्प्युटर सायन्स, इन्फर्मेशन सिस्टिम्स, इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी आणि सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग. २०२० च्या आवृत्तीत सायबर सिक्युरिटी आणि डेटा सायन्सही आलं. तुमच्या भाचीला गेम हवे असतील तर सायन्स किंवा सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग. इन्फर्मेशन सिस्टिम्स ही बिझनेसला खेटून असलेली शाखा आहे, ती तिच्या बाबांना आवडेल.

पारिजात

कोडेकर यांच्या गणिताच्या मुद्द्याशी सहमत. पण ‘बाकी नोकरीत शिकता येतं’ याला माझा ठाम विरोध आहे. मी डिझायनर म्हणून काम केलं आणि आता शिकवते.

गेम डिझाइन म्हणजे गोष्टी सुचणं, असा समज आहे. कल्पना सगळ्यांनाच सुचतात. नियम ठरवायचे, त्या नियमांमधून खेळणारा कसा वागेल याचा अंदाज बांधायचा, आणि तो अंदाज चुकला की नेमका कुठला नियम बदलायचा हे ओळखायचं, हे डिझाइन. नियम, त्यातून उपजणारं वागणं आणि त्यातून येणारा अनुभव असे तीन थर वेगळे करून बघायची सवय लागायला वर्षं जातात आणि ती लावणारा कुणी तरी शेजारी बसावा लागतो.

उदाहरण देते. उड्या मारायचा साधा गेम घ्या. पात्र कड्याच्या टोकाशी पोचलं, खेळणाऱ्याने उडीचं बटण दाबलं, पण एक-दोन फ्रेम (पडद्यावरची चित्रं) उशिरा. कोडच्या हिशोबाने पात्राचे पाय जमिनीवर नाहीत, म्हणजे उडी नाही. पात्र खाली पडतं. खेळणारा म्हणतो, “मी तर दाबलं होतं!” आणि चिडून गेम बंद करतो. यावरचा उपाय ‘कोयोटी टाइम’ या नावाने ओळखला जातो. कडा सोडल्यावरही काही फ्रेम उडी मान्य करायची. तसंच जमिनीला पाय टेकायच्या किंचित आधी बटण दाबलं तर ते लक्षात ठेवायचं आणि टेकताक्षणी उडी मारू द्यायची. कोड म्हणाल तर चार-पाच ओळींचा. पण ‘गेम अन्यायी वाटतो’ या तक्रारीतून ‘इथे एक दशांश सेकंदाची सूट द्यायला हवी’ इथपर्यंत पोचणं ही डिझायनरची नजर. माझ्याकडे आलेल्या कम्प्युटर सायन्सच्या हुशार मुलांना कोड लिहायला वेळ लागत नाही, मात्र ती तक्रार ऐकून आधी खेळणाऱ्याचंच चुकतंय असं म्हणतात.

म्हणून शुक्रतारा, गेमच्या अभ्यासक्रमात मी आधी हे शोधेन: पहिल्या वर्षी कागदावर गेम करायला लावतात का? पत्ते, फासे, पुठ्ठ्याचे तुकडे. कम्प्युटर नसला की चकचकीत ग्राफिक्समागे लपता येत नाही. नियम वाईट असेल तर पाच मिनिटांत समोरची माणसं कंटाळलेली दिसतात. अनोळखी लोकांकडून गेम खेळून घेण्याचे तास वेळापत्रकात आहेत का, हेही बघा. एकमेकांचे गेम वर्गमित्रांनीच खेळायचे याला मी चाचणी म्हणत नाही, त्यांना उत्तरं माहीत असतात.

आणि ‘गेम’ नावाखाली तीन वेगळे व्यवसाय शिकवले जातात: डिझाइन, प्रोग्रॅमिंग आणि आर्ट. काही ठिकाणी तिन्ही थोडं थोडं देतात आणि मुलं कशातच पक्की होत नाहीत. त्यापेक्षा एकात खोलवर जायचं आणि बाकी दोघांबरोबर टीममध्ये काम करायचं, अशी रचना कितीतरी बरी. कार्नेगी मेलनच्या एंटरटेनमेंट टेक्नॉलॉजी सेंटरचं उदाहरण बघण्यासारखं आहे. रँडी पॉश आणि डॉन मॅरिनेली यांनी ते १९९८ मध्ये सुरू केलं, एक कम्प्युटर सायन्सचे प्राध्यापक, दुसरे नाटकाचे. तिथल्या ‘बिल्डिंग व्हर्च्युअल वर्ल्ड्स’ या कोर्समध्ये प्रोग्रॅमर, चित्रकार, आवाजाचं काम करणारे अशा छोट्या टीम असतात, आणि एक प्रोजेक्ट संपला की टीम मोडून नवी बांधायची. तो पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, पण पदवीच्या पातळीवरही ही रचना कुठे दिसते का ते जरूर शोधा.

अर्धविराम

बिझनेसच्या बाजूने अजून कुणी लिहिलेलं नाही, तेव्हा मी लिहितो. भाचीच्या वडिलांचं म्हणणं इतक्या सहज बाजूला सारू नका.

बिझनेसचे तक्ते सारखे का दिसतात याचं कारण आधी सांगतो, त्यातून बाकी दोन्हींचंही कोडं सुटेल. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचं व्हार्टन हे बिझनेस स्कूल १८८१ मधलं. एएसीएसबी ही बिझनेस स्कूलना मान्यता देणारी संघटना १९१६ मधली. म्हणजे शंभरहून अधिक वर्षं लोक या विषयांवर घासाघीस करताहेत. अकाउंट्स, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, फायनान्स, मार्केटिंग, ऑपरेशन्स, कायदा आणि माणसांशी वागणं, यावर एकमत झालंय. कम्प्युटर सायन्सचा पर्ड्यू विद्यापीठातला विभाग १९६२ चा, अमेरिकेतला पहिला. एसीएमने शिफारस केलेला पहिला अभ्यासक्रम १९६८ चा, तेव्हापासून दर काही वर्षांनी तो सुधारतात. म्हणून तिथेही गाभा सारखा असतो. गेमच्या पदव्या मात्र अगदी अलीकडच्या. स्कॉटलंडमधल्या ॲबर्टे विद्यापीठाने कम्प्युटर गेम्सची पदवी काढली ती १९९७ मध्ये. त्यामुळे कुठल्या विभागाने ती सुरू केली यावर सगळं ठरतं, तसं एकमत व्हायला अजून वेळ आहे. थोडक्यात, बिझनेसमध्ये दोन संस्थांत तुलना करताना शिक्षक, सोबतची मुलं आणि इंटर्नशिप बघायची. गेममध्ये तक्त्याची ओळ न् ओळ वाचायची.

आता बिझनेस शिकून गेममध्ये काय करता येतं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात विकलेल्या गेमच्या उत्पन्नातले सुरुवातीला ३० टक्के स्टीम ठेवतं. अनरिअल वापरलं असेल तर दहा लाख डॉलरच्या पुढच्या उत्पन्नावर साधारण ५ टक्के रॉयल्टी. प्रकाशक असेल तर त्याचा वाटा, मग कर. हातात काय उरतं आणि त्यात टीमचे पुढचे किती महिन्यांचे पगार निघतात, हा हिशोब न करता स्टुडिओ काढणारी गुणी माणसं मी बुडताना पाहिली आहेत. त्यांचे गेम चांगले होते. पैसा गेम पूर्ण व्हायच्या आधी संपला.

धंद्याचे नियम डिझाइनमध्येही घुसतात. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर स्टीम पैसे परत देतं. आता समजा तुमचा गेम सुंदर आहे पण दीड तासात संपतो. कुणी तो पूर्ण खेळून पैसे परत मागू शकतं. गेमची लांबी, किंमत आणि सुरुवातीच्या तासात काय दाखवायचं, या तिन्हींवर त्या एका नियमाची सावली पडते. मोबाइल गेममध्ये पहिल्या दिवशी आलेल्यांपैकी सातव्या आणि तिसाव्या दिवशी किती उरले यावर कंपनी जगते किंवा मरते, आणि ते आकडे नीट वाचायचे तर संख्याशास्त्र पक्कं हवं.

इतकं असूनही, या मुलीने फक्त बिझनेस करावं असं मी म्हणणार नाही. तिला बनवायला आवडतं. बनवणाऱ्या माणसाने चार वर्षं नुसत्या केस स्टडी वाचल्या तर बनवायचा सराव सुटेल. दोन्ही एकत्र देणाऱ्या जागा आहेत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९७७ पासून मॅनेजमेंट अँड टेक्नॉलॉजी हा दुहेरी पदवीचा कार्यक्रम चालतो, इंजिनिअरिंगची आणि व्हार्टनची अशा दोन पदव्या. तिथे प्रवेश फार अवघड, पण कम्प्युटर सायन्सबरोबर बिझनेस मायनर, म्हणजे जोडीला थोडे विषय, बऱ्याच विद्यापीठांत घेता येतं. अकाउंट्स, संख्याशास्त्र आणि करारांचा कायदा, एवढे तीन विषय मिळाले तरी तिच्या वडिलांचा हेतू बराचसा साधेल.

उंबरठा

मी सध्या गेम डेव्हलपमेंटच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे प्रोजेक्टबद्दल आतून लिहिते.

पारिजात म्हणतात तशा अनोळखी लोकांसोबतच्या चाचण्या आमच्याकडे होतात आणि त्या वर्षातला सर्वात उपयोगी भाग आहेत. नियम एकच, गेम बनवणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. आमच्या गेममध्ये एक दार होतं, ते ढकलायचं नसून बाजूला सरकवायचं होतं. आमच्या टीमला ते इतकं उघड वाटायचं की त्यावर कधी बोलणंही झालं नव्हतं. चाचणीला आलेले एक काका त्या दारावर आपटत राहिले. मग मागे फिरून सगळी खोली शोधली, परत आले, परत आपटले. आम्ही चौघं मागे उभे, हाताची घडी घालून, गप्प. त्यांनी शांतपणे हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाले, “छान आहे हो, पण मला गेमची सवय नाही.” दोष त्यांनी स्वतःकडे घेतला, हे सगळ्यात जास्त लागलं. त्या रात्री आम्ही दाराखाली जमिनीवर सरकल्याच्या खुणा काढल्या. पुढच्या चाचणीत कुणीही अडकलं नाही.

प्रोजेक्ट चांगले आहेत का हे बाहेरून ओळखायला, शेवटच्या वर्षाचे गेम डाउनलोड करून खेळा. बऱ्याच संस्थांची मुलं ते इच डॉट आयओ या गेमच्या साइटवर किंवा स्टीमवर फुकट ठेवतात. गेम सुरू तरी होतो का, संपतो का, शेवटी दिलेल्या नावांच्या यादीत किती जण आहेत आणि कुणी काय केलंय ते वाचा. सगळेच ‘डिझायनर’ असतील आणि प्रोग्रॅमर एकच, तर तिथे काय होतं ते मला विचारा: तो एक जण झोपत नाही.

व्हर्जन कंट्रोल, म्हणजे कुणी कधी काय बदललं याची नोंद ठेवायची पद्धत, कधी शिकवतात ते विचारा. गिट किंवा परफोर्स पहिल्या वर्षी हवं. आमच्याकडे ते फार उशिरा आलं. त्याआधी फायली मेलवरून फिरायच्या आणि एकाचं काम दुसऱ्याच्या कामावर चढायचं.

आणि कृपया हक्कांचं कलम वाचा. विद्यार्थ्यांनी कोर्समध्ये केलेल्या गेमवर मालकी कुणाची, हे प्रत्येक संस्थेत वेगळं असतं. काही ठिकाणी मुलांची, काही ठिकाणी संस्थेची, काही ठिकाणी संस्थेची यंत्रं वापरली तर संस्थेची. माझ्या सीनिअर्सना त्यांचा गेम पुढे विकायचा होता, तो संस्थेच्या परवानगीत अडकला आणि तोवर टीम पांगली. ॲडमिशनच्या वेळी कुणीही हे विचारत नाही.

कोडेकर

उंबरठा, अप्रतिम लिहिलंत. हक्कांच्या मुद्द्याला जोडून एक जुनं उदाहरण. डिजिपेनच्या विद्यार्थ्यांनी २००५ मध्ये ‘नार्बाक्युलर ड्रॉप’ नावाचा गेम केला होता, भिंतीवर दोन दारं उघडायची आणि एकातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडायचं. व्हॉल्व्ह या गेम कंपनीच्या लोकांनी तो पाहिला आणि टीमलाच नोकरीवर घेतलं. तीच कल्पना नव्याने बांधून २००७ मध्ये ‘पोर्टल’ आला. तेव्हा विद्यार्थ्यांचा गेम म्हणजे फक्त मार्कांचा मामला असं समजू नये.

आणि बघा, त्यातली काही मुलं आधी उल्लेख आलेल्या त्याच रिअल-टाइम इंटरॅक्टिव्ह सिम्युलेशनची होती. दोन दारांमधून आरपार दिसणं हे ग्राफिक्सचं अवघड गणित आहे. ते येत होतं म्हणून कल्पना पडद्यावर उतरली.

पारिजात

कोडेकर, गणित येत होतं म्हणून उतरली हे खरं. पण तेवढंच नव्हे. दाराच्या पलीकडे वेग तसाच राहतो हे खेळणाऱ्याला नुसतं सांगून न थांबता, एकामागून एक खोल्यांतून करवून शिकवणं, यामुळे ‘पोर्टल’ लोकांच्या लक्षात राहिला. तुमच्या उदाहरणाला दुसरं जोडते. जेनोव्हा चेन यांनी यूएससीच्या सिनेमाच्या विभागात शिकताना ‘फ्लो’ हा गेम प्रबंधाचा भाग म्हणून केला. खेळणाऱ्याच्या कौशल्याप्रमाणे अवघडपणा कसा जुळवून घ्यावा, असा प्रश्न होता. त्यातून पुढे दॅटगेमकंपनी उभी राहिली आणि २०१२ मध्ये ‘जर्नी’ आला. तो मार्ग इंजिनिअरिंगमधून गेलेला नाही.

तुमचं-माझं भांडण नाहीये. त्या मुलीला चार वर्षं रोज सकाळी उठून काय करायला आवडेल, यावर ते ठरेल. बग, म्हणजे कोडमधली चूक, शोधताना तिला वेळेचं भान राहत नसेल तर कम्प्युटर सायन्स. दुसऱ्याला खेळताना बघण्यात तिला जास्त रस असेल तर डिझाइन. हे तिला विचारून कळणार नाही, तिला काम करताना बघा.

रानवाट

मी पालक आहे, माझा मुलगा याच फाट्यावर उभा आहे, म्हणून सगळं वाचतोय. पण नोकऱ्यांबद्दल कुणी बोललंच नाही. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने गेम विभागातले १,९०० लोक कमी केले, पुढच्याच महिन्यात सोनीने सुमारे ९००. अशा वेळी मुलाला गेमच्या पदवीत घालणं कितपत योग्य? शिवाय आता कोड एआय लिहितं म्हणतात.

अर्धविराम

रानवाट, काळजी रास्त आहे. गेमचा धंदा लाटांवर चालतो. महामारीच्या काळात मागणी वाढली, कंपन्यांनी भरमसाट भरती केली, मोठ्या खरेद्या केल्या, व्याजदर वर गेल्यावर सगळं आकसलं. आज प्रवेश घेणारा मुलगा चार वर्षांनी बाहेर पडेल तेव्हा लाट कुठे असेल हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून मी विचारेन ते असं: गेममध्ये नोकरी नाही मिळाली तर हीच पदवी घेऊन दुसरं काय करता येईल? सक्तीच्या विषयांत डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम, गणित असेल तर बँकेपासून रोबोटिक्सपर्यंत उत्तरं आहेत. डिझाइनची पदवी असेल तर यूएक्स (ॲप किंवा साइट वापरायला सोपी करायचं काम), प्रशिक्षणासाठीची सिम्युलेशन्स, म्युझियममधली इंटरॅक्टिव्ह दालनं. वाटा कमी आहेत पण आहेत. ‘गेम टेक्नॉलॉजी’ नाव लावून एका इंजिनची ओळख करून देणाऱ्या उथळ अभ्यासक्रमाला मात्र दुसरी वाट नाही. तिथे पैसे घालू नका.

कोडेकर

एआयबद्दल. हो, साधा कोड लवकर लिहून मिळतो, मीही वापरतो. पण मिळालेला कोड १६ मिलिसेकंदांत बसतो का, चार खेळाडू एकदम जोडले तर मोडतो का, हे कळायला तेच मुळातले विषय लागतात. संस्थेला एवढंच विचारा की पहिल्या वर्षी मुलांना स्वतःच्या हाताने कोड लिहायला लावता का आणि ते तपासता कसं. तोंडी परीक्षा घेणाऱ्या, मुलाला त्याच्याच कोडमध्ये समोर बसवून बदल करायला सांगणाऱ्या विभागावर माझा विश्वास जास्त बसेल.

शुक्रतारा

सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा भाचीला आणि तिच्या बाबांना दोघांनाही वाचायला दिला. मेहुण्यांना स्टीमचं पैसे परत करण्याचं उदाहरण फार पटलं, त्यावर ते तिच्याशी बराच वेळ बोलत होते. गेमबद्दल त्या दोघांना इतकं बोलताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

पारिजात, तुमचं ऐकून मी तिला काम करताना पाहिलं. एका बगमागे ती संध्याकाळभर होती, जेवायला हाक मारली तरी उठली नाही. पण शेजारच्या लहान मुलाला खेळायला बसवलं तेव्हा मात्र दर मिनिटाला “अरे, तिकडे नाही, इकडे” असं सांगत होती. तेव्हा पहिली पसंती कम्प्युटर सायन्स, पण जिथे गेमचे टीम प्रोजेक्ट सक्तीचे आहेत असंच. बिझनेस मायनर मिळतं का ते बघतो आहोत. एक डिझाइनचा अभ्यासक्रमही यादीत ठेवलाय, तिच्या आग्रहाखातर आणि मलाही ते योग्य वाटतं.

दोन गोष्टी राहिल्या. पहिल्या वर्षानंतर कम्प्युटर सायन्समधून डिझाइनकडे किंवा उलट जायचं तर काय सोपं? आणि अर्जासोबत पोर्टफोलिओ मागतात, त्यात तिने सगळे गेम पाठवावेत की निवडक?

उंबरठा

आमच्या वर्गातल्या काहींनी बदल केला, त्यावरून सांगते. कम्प्युटर सायन्सकडून डिझाइनकडे येणं सोपं जातं, कारण घेतलेले विषय ऐच्छिक म्हणून तरी धरले जातात. उलट जाताना गणित आणि प्रोग्रॅमिंगची साखळी पहिल्या सेमिस्टरपासून सुरू असते, तुम्ही तीत नसलात तर वर्ष वाढतं. डिझाइन निवडलंच तर पहिल्या वर्षी ऐच्छिक म्हणून कॅल्क्युलस आणि कम्प्युटर सायन्सचा प्रोग्रॅमिंगचा कोर्स घेऊन ठेवायचा. गेम विभागाचा प्रोग्रॅमिंग कोर्स चालेल असं गृहीत धरू नये, दुसरा विभाग बरेचदा तो मानत नाही. हे विभागाकडून लेखी घ्या.

पारिजात

पोर्टफोलिओत पूर्ण झालेला एकच गेम पाठवा, पाच मिनिटांत संपणारा, ब्राउझरमध्ये चालणारा. आमच्यासमोर अर्जांचा ढीग असतो, इन्स्टॉल करावा लागणारा गेम मागे पडतो. कुठली बटणं वापरायची ते पहिल्याच पडद्यावर लिहा. सोबत एक पान जोडा: सुरुवातीला नियम काय होता, कुणाला खेळायला दिल्यावर काय बिघडलेलं दिसलं, मग काय बदललं. अर्धवट आवृत्तीचा एखादा स्क्रीनशॉट असला तर उत्तम. चित्रं किंवा आवाज दुसऱ्या कुणाचे किंवा फुकट मिळालेले असतील तर तसं स्पष्ट लिहा. चित्रकला बेताची असल्याचं ओझं घेऊ नका, चौकोन आणि वर्तुळं वापरून केलेले गेम आम्ही आनंदाने खेळतो.

आणि पाठवण्याआधी शेजारच्या त्या मुलाला पुन्हा एकदा खेळायला बसवा. भाचीला दुसऱ्या खोलीत पाठवा, तो कुठे कुठे अडतो ते तुम्ही लिहून घ्या.